उघडा पत्रा आणि दोन कप चहा

सुकदेवआप्पांच्या शेडमध्ये गेलं की चहा मिळतो तो दोन कप. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, दुसरा कप मागून कोणी येणार असेल त्याचा. मी तो ठेवायला जागा शोधू लागले, तर पलीकडून आप्पा ओरडले, "ठेवू नका बाई! एक प्या अन् एक नुस्ता धरा."

"नुसता धरू? कशासाठी?"

"हात गुतलेले बरे राहतात माणसाचे."

मी सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे मी दुसऱ्यांना सांगते, मला कोणी सांगत नाही. तरी त्या दिवशी मी दोन हातांत दोन कप धरून अर्धा तास उभी राहिले. नाकाला खाज सुटली तरी तशीच.

आप्पा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. बुऱ्हाणपूरहून शाहपूरकडे जाताना डाव्या हाताला त्यांची शेड आहे आणि शेडच्या मागेच घर. शेडच्या दारावर दुकानाचं नाव नाही. लाल रंगात एवढंच लिहिलंय: 'उघड्या पत्र्याला हात लावू नये.' खाली तेच हिंदीत, आणि त्याच्या खाली हाताच्या पंजाचं चित्र काढून त्यावर फुली. नवीन माणसाला वाटतं, इथे विजेचा धक्का बसतो.

कारण अगदी साधं आहे. गाडीचा जुना रंग खरवडला, पत्रा घासून लख्ख केला, की तो पत्रा उघडा पडतो. मग त्याला माणसाचा नुसता हात लागला तरी पुरे. हाताला घाम असतो, तेल असतं, मीठ असतं. वरून रंग कितीही छान मारा, जिथे हात लागला तिथून रंग सुटतो आणि खालून गंज येतो. हे सगळे कारागीर जाणतात. पण आप्पा ते पाळतात. सोवळ्यातल्या बायका स्वयंपाकघरात शिवू देत नसत, तितकं कडक पाळतात. गिऱ्हाईक आपल्याच गाडीवरून प्रेमाने हात फिरवायला गेलं की आप्पांच्या तोंडून तीनच शब्द येतात, "हात नको! मागं!" एकदा एका फौजदाराला ते असं ओरडले होते आणि तो बिचारा खरंच दोन पावलं मागे सरकला होता.

माझी गाडी त्यांच्याकडे गेली ती केळ्यांमुळे. पुढे केळ्यांनी भरलेला ट्रक चालला होता. खड्डा आला, ट्रक उसळला आणि वरचा एक घड सुटून सरळ माझ्या बॉनेटवर आला. बॉनेट बसलं आत. ही बातमी शाळेत माझ्याआधी पोचली, आणि पुढचा आठवडाभर दहावीचा वर्ग मला पाहून हसू दाबत होता. माझी गाडी म्हणजे काही मोठी नाही, पण माझ्या पगारातून घेतलेली, म्हणून जीव. दुसरे दोघे कारागीर म्हणाले, दोन दिवसांत देतो. पण ज्याला विचारावं तो म्हणे, आप्पांकडे न्या, उशीर लागेल, पण पुन्हा गंज बघायला मिळणार नाही. आणि उशीर म्हणजे किती, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

आप्पांनी बॉनेट ठोकून सरळ केलं, खरवडलं, घासलं. मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या ब्लाउजला अस्तर राहतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही हातांत चहा होता म्हणून, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. तेवढ्यात घरातून काकू धावत आल्या. "अहो बाई, रागावू नका. शिंप्याचं पोर आहे ते. सिंधीपुऱ्यात सासऱ्यांचं शिलाईचं दुकान होतं. कोणाशी काय बोलावं, एवढं कळलं असतं तर मशीनवरच नसते का बसले!"

आप्पांना आपलं काय चुकलं तेच कळेना. ते आपले पुढे बोलतच होते. अस्तर म्हणजे प्रायमर, रंगाच्या आधी पत्र्याला मारायचा थर. त्यांच्या धंद्यात सगळेच त्याला अस्तर म्हणतात, पण आप्पांच्या डोक्यात ते खरंच कापडाचं अस्तर असतं. "वरचं कापड जगाला दाखवायला राहतं. अंगाला लागतं ते अस्तर. ते टोचलं तं सूट असू द्या नाहीतर शेरवानी, माणूस खाजवतच बसतो. तसंच पत्र्याचं. त्याच्या अंगाला काय लागणार, ते आधी ठरवा. रंगाचं मंग पाहू."

आणि उघड्या पत्र्याच्या अंगाला लागायचं ते इपॉक्सी प्रायमरच, यावर ते ठाम. साधा प्रायमर पाणी पितो, इपॉक्सी पीत नाही. दोन डबे येतात, दोन्ही मापाने मिसळायचे, थोडं थांबायचं, मग मारायचं. एवढं मला पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं. माझी समजूत अशी की आता ते मारतील. कपाळ माझं! इपॉक्सी ठरलं, पण कुठलं इपॉक्सी?

शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधलेली आहे. तिच्यावर हाताएवढ्या पत्र्याच्या पट्ट्या लटकवलेल्या असतात, कपडे वाळत घातल्यासारख्या. बाजारात येणारा प्रत्येक इपॉक्सी प्रायमर आप्पा आधी पट्टीवर मारून बघतात. एक पट्टी छपरावर उन्हात, एक तापीच्या पाण्याच्या बादलीत, एक तारेवर. महिनाभराने ब्लेडने बारीक चौकोन पाडायचे, चिकटपट्टी दाबून लावायची आणि खस्सकन ओढायची. चिकटपट्टीबरोबर अस्तर निघालं तर तो डबा कायमचा बाद.

कंपन्यांची नावं मात्र ते घेत नाहीत. नावं त्यांनी आपली ठेवली आहेत. "हा साडू. डब्यावर मोठं मोठं लिहेल राहतं, पाण्यात घातला की फुगतो. हा आमचा थोरला मेव्हणा. चांगला आहे, पण ज्याच्यासोबत बसवलं त्याच्याशी पटलं पाहिजे. खाली आधी आम्लाचं काही लावलं असंल तं लगेच रुसून सुटतो. अन् ही काकू."

"काकू?"

"उशिरा वाळते. बोलणं ऐकून घ्यावं लागतं. पण एकदा धरलं की सोडत नाही."

काकूंनी दारातूनच कपाळाला हात लावला.

मी विचारलं, "आप्पा, डब्यावर सगळं छापलेलं असतं ना? ते वाचून का ठरवत नाही?"

"वाचतो ना. लग्नाच्या बायोडाटात पण सगळं छापेलच राहतं."



तीन आठवडे झाले. मी रिक्षाने शाळेत जात होते आणि येताना शेडवर थांबून भांडत होते. गाडी सावलीत उभी राहते की उन्हात, अंगणात फरशी आहे की माती, पाऊस कोणत्या बाजूने लागतो, हे सगळं त्यांनी विचारून झालं होतं. "कधी होईल?" म्हटलं की एकच उत्तर, "ठरल्यावर." पण खरं सांगते, मला ते भांडण आवडायला लागलं होतं. आमच्या शाळेत आता कोणी एक गणित दोन रीतींनी सोडवून पडताळत नाही. मीही नाही. आणि हा माणूस कोणाला कधी न दिसणाऱ्या थरासाठी महिना महिना पट्ट्या बुडवून बसतो. मला त्यांचा रागही यायचा आणि मनातून मी त्यांना हातही जोडायचे.

आणि मग मी घाण करून ठेवली.

भाद्रपदातली दमट संध्याकाळ होती. आप्पांनी सांगितलं, 'काकू' ठरली, उद्या मारायची. बॉनेट पुन्हा एकदा घासून तयार होतं, आरशासारखं नव्हे, पण चांदीसारखं पांढरं. काकू माहेरी गेल्या होत्या म्हणून चहा नव्हता. आप्पा आत फडकं आणायला गेले. मी शाळेतून येताना केळ्याचे वेफर्स खात आले होते, खारे. हात मोकळे होते. आणि त्या बॉनेटकडे बघून मला इतकं भरून आलं, की मी पूर्ण पंजा त्यावर टेकवला आणि थोपटलं, "सुटलीस गं बाई एकदाची."

फडकं घेऊन आप्पा आले तोवर माझा हात पदराखाली होता. मी बोलले नाही. पन्नाशी उलटलेली बाई, मी गणिताची शिक्षिका, आणि फळ्यावर चित्र काढलेल्या पोरासारखी गप्प उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बॉनेटवर माझा हात उमटला होता. तांबूस, गंजाचा. पाच बोटं, तळवा, अनामिकेवर अंगठीचा आडवा कोरा पट्टा. नाकबूल करायची सोयच नाही. आप्पा समोर स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, आता ऐकून घ्यावं.

पण ते ओरडले नाहीत. खूप हळू आवाजात म्हणाले, "काय खाल्लं होतं बाई?"

"केळ्याचे वेफर्स."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं की काय, मला कळेना. "तेच," म्हणाले. "अगदी तसाच उमटला." मग म्हणाले, "बाई, हा तुमचा हात मले पंधरा-वीस दिवस ठेवू द्या. मंग घासून देतो, शपथ."

मी तावातावाने काही बोलणार होते, पण तो आवाज ऐकून मान हलवली.

काकू माहेरून आल्यावर त्यांनी मला घरात बसवून सगळं सांगितलं. आप्पांची मुलगी सारिका सहा वर्षांची असतानाची गोष्ट. एका जीपचं दार असंच घासून ठेवलं होतं. पोर वेफर्स खात आली आणि तिने दारावर हात टेकला. चार गिऱ्हाइकं उभी होती. आप्पांनी तिच्या त्या हातावर फाडकन मारलं आणि म्हणाले, "तुझ्या हातानं लोखंड सडंल!" पोर रडली नाही. शेडच्या बाहेर गेली. आणि त्या दिवसापासून तिने शेडच्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. शाळेतून आली की बाहेरून हाक मारायची. लग्न होऊन नाशिकला निघाली तेव्हाही आप्पांना बाहेर यावं लागलं. घरात येते, राहते, हसते, बोलते, पण शेडमध्ये नाही.

"आणि ते दार?" मी विचारलं.

काकूंनी मला शेडच्या मागच्या भिंतीशी नेलं आणि गोणपाट उचललं. जीपचं दार. त्यावर एक चिमुकला गंजलेला हात. आप्पांनी जीपवाल्याला दुसरं दार बसवून दिलं होतं आणि हे ठेवून घेतलं होतं. इतकी वर्षं तेल चोळून चोळून जपलेलं. पण गंज तो गंज. दर पावसाळ्यात थोडा पसरत होता. करंगळी गेलीच होती. अंगठ्याचा नुसता डाग राहिला होता.

"अस्तर मारलं तं हात झाकून जातो. नाही मारलं तं गंज खाऊन जातो," काकू म्हणाल्या. "तारेवरच्या निम्म्या पट्ट्या याच्यासाठी आहेत बाई. लोकांना वाटतं, गाड्यांसाठी. दिवाळीला सारिका येणार. त्याच्या आत हा हात पक्का करायचा अन् तिला बोलावून दाखवायचा, एवढंच मागणं आहे त्यांचं. 'चुकलं' हा शब्द तं त्यांच्या तोंडून निघायचा नाही."

ही सारिका म्हणजे माझीच विद्यार्थिनी, हे मला तेव्हा उमगलं. हुशार, अबोल. एका वर्षी वर्गात पहिली आली तेव्हा तिने बक्षिसाचा स्टीलचा कप रुमालात गुंडाळून हातात घेतला होता. आणि मी स्टेजवर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "नखरे पुरे, नीट धर." तिने धरला नाही. शेजारच्या मुलीकडे दिला. इतकी वर्षं मी तो किस्सा 'मुलींचे नखरे' म्हणून सांगत आले होते. लाज वाटली मला.

पुढचे वीस दिवस माझ्या हातावर प्रयोग झाले. आप्पांनी माझ्या पाच बोटांना पाच वेगवेगळी औषधं लावली. अंगठ्याला तेल, तर्जनीला मेण, मधल्या बोटाला फर्निचरचं वॉर्निश, करंगळीला गाडीच्या रंगावर मारतात ती चमक. आणि अनामिकेला त्यांनी कुठून तरी मागवलेलं, रंग न घातलेलं, पारदर्शक इपॉक्सी. वर ओलं गोणपाट टाकून ठेवलं. मी रोज शाळेतून आले की आधी स्वतःचा हात बघायचे. स्टाफरूममध्ये कोणी गाडीचं विचारलं की सांगायचे, "अंगठा गेला, करंगळीची आशा आहे." लोक माझ्याकडे बघत राहायचे.

शेवटी चिकटपट्टी ओढली तेव्हा चार बोटं खराब झाली होती. अनामिका अंगठीच्या पट्ट्यासकट जशीच्या तशी होती.

"हे उन्हात पिवळं पडतं," आप्पा म्हणाले. "पडू दे. उन्हात नेतो कोण!" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, गंजावर इपॉक्सी मारायचं नसतं. मी जिंदगीभर लोकांना हेच सांगितलं. मी मारलं, हे कोणाले सांगू नका." म्हणून मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सोडून.

माझं बॉनेट त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे घासलं, 'काकू' मारली, आठ दिवस वाळवलं, रंग दिला. दसऱ्याला गाडी घरी आली. आजतागायत एक फोड नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी त्या दारावरची धूळ ब्रशने उडवली, श्वास रोखून, आणि त्या पारदर्शक इपॉक्सीचे दोन हात दिले.

दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेले. काकूंनी सवयीने दोन कप हातात दिले. शेडमध्ये कोणाचं तरी बॉनेट घासून ठेवलेलं होतं, लख्ख, उघडं. आप्पांनी नवा सदरा घातला होता आणि काही न करता उगीच स्प्रेगन पुसत होते.

सारिका घरातून आली आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी थांबली. मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही इथं?"

"आत ये," आप्पा म्हणाले.

"नको आप्पा. इथूनच बोलते."

"आत ये म्हणतो ना." आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, "ये गं माय."

ती आली. आप्पांनी गोणपाट बाजूला केलं. ती वाकून त्या दारावरचा हात बघू लागली.

"हा माझा?"

"मंग कोणाचा?"

"मला वाटलं, तुम्ही तेव्हाच फेकला असंल."

"फेकतो का कोणी," आप्पा म्हणाले. हातातली स्प्रेगन त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

सारिका माझ्याकडे वळून हसली. "बाई, मला राग नव्हता आला. मला खरंच वाटायचं, माझ्या हातानं लोखंड सडतं. म्हणून मी कशाला हातच नाही लावायचे. मोठी झाले, कळायला लागलं, तरी आत यायला पाय उचलायचा नाही."

आप्पांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते समजत होते की पोरगी रागावली आहे. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते त्या परक्या गिऱ्हाइकाच्या उघड्या बॉनेटपाशी गेले आणि म्हणाले, "इकडं ये. लाव हात."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आप्पा, उघडा आहे तो."

"लाव. पूर्ण पंजा लाव. दाबून."

"सडंल ना."

"सडू दे," आप्पा म्हणाले. "मी आहे ना घासायला."

तिने हात पुढे केला, जरा थांबली, आणि टेकवला. आप्पांनी त्यावर आपला हात ठेवला, रंगाने भरलेला, आणि काढला नाही. दारातून काकू पदर डोळ्यांना लावून बघत होत्या. माझ्या मात्र दोन्ही हातांत चहा होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि कप खाली ठेवायची मला परवानगी नव्हती.